टॉर्च घेताना सेल तोलून घ्या

शहागंज, पैठणगेट आणि मोंढ्याच्या परिसरात चार्जिंगच्या एलईडी टॉर्चचा बाजार गेल्या काही वर्षांत फार वाढला आहे. शेतीपंपाची वीज रात्रपाळीत आली की कन्नड, सिल्लोड, पैठण, गंगापूरकडचा शेतकरी टॉर्च घेऊनच विहिरीवर जातो. गोदामाला, राखणदाराला, अर्धवट इमारतीत काम करणाऱ्या गवंड्याला, गाडीखाली शिरणाऱ्या मेकॅनिकला टॉर्च लागतोच. आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांत हा माल घेणारे पुष्कळ आहेत आणि विकणारेही पुष्कळ. स्वस्तातला पण तेज प्रकाशाचा म्हणून जो टॉर्च मिळतो, तो खरा किती आणि खोटा किती, हे ओळखायचे कसे, एवढाच आजचा विषय आहे.

आम्ही कापडाच्या धंद्यातले. टॉर्चशी आमचा संबंध गोदामापुरता. पण कापडवाला पहिल्या दिवसापासून एक गोष्ट शिकतो. ताग्याच्या पट्टीवर काय छापले आहे ते वाचायचे आणि मग मीटर काढून तागा मोजायचा. पट्टीवर २० मीटर असले आणि मोजून १८ भरले तर सौदा १८ चाच होतो. चौरस मीटरला इतके ग्राम म्हणून सांगितलेले कापडही काट्यावर ठेवल्याशिवाय कुणी मान डोलावत नाही. रेशीम म्हणून दाखवलेला धागा आपण जाळून त्याचा वास घेतो. हाच माणूस टॉर्च घ्यायला गेला की खोक्यावरचा आकडा वाचतो, बटण दाबून भिंतीवर उजेड पाहतो आणि पैसे मोजतो. हे आम्हाला नेहमीच विचित्र वाटत आले आहे.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. आपल्याकडे हातातल्या टॉर्चलाही बॅटरी म्हणतात आणि आत घालतात त्यालाही बॅटरीच म्हणतात. या लेखात हातात धरायचा तो टॉर्च आणि आत घालायचा तो सेल. हा फरक लक्षात ठेवावा, कारण स्वस्त टॉर्चमधली जवळजवळ सगळी लबाडी आणि सगळा धोका सेलमध्ये आणि तो चार्ज करण्याच्या व्यवस्थेत असतो. दिवा आणि नळी बहुधा ठीकच असतात.

खोक्यावरचे आकडे

खोक्यावर काय काय छापलेले असते पाहा. ‘५०,००० ल्युमेन’, ‘९९०० एमएएच’, ‘२ किलोमीटर झोत’. ल्युमेन म्हणजे दिव्यातून चारी दिशांना मिळून बाहेर पडणाऱ्या एकूण उजेडाचे माप. हे माप आपल्या घरात टांगलेले आहे. ९ वॅटचा साधा एलईडी बल्ब साधारण ९०० ल्युमेन उजेड देतो, त्याच्या खोक्यावर तसे लिहिलेलेही असते. म्हणजे एका वॅटला सुमारे १०० ल्युमेन. चांगल्या एलईडीत हे प्रमाण १५० च्या आसपास, फार उत्तम असेल तर त्याहून थोडे वर जाते. आता ५०,००० ल्युमेन म्हणजे असे ५५ बल्ब एकत्र पेटवल्याचा उजेड. त्याला निदान तीन-चारशे वॅट वीज हवी. मुठीत मावणाऱ्या नळीत, बोटाएवढ्या एका सेलवर, हे होईल काय?

सेलचा हिशोब असा. या टॉर्चमध्ये बहुधा १८६५० या नावाचा लिथियम-आयन सेल असतो. नावातच माप आहे, १८ मिलिमीटर जाडी आणि ६५ मिलिमीटर लांबी. लिथियम-आयन सेल बाजारात प्रथम १९९१ साली जपानच्या सोनी कंपनीने आणला. या संशोधनाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या सेलचा सरासरी दाब ३.७ व्होल्ट, पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट. त्यात किती वीज साठते ते एमएएच, म्हणजे मिलिअँपिअर तास, या मापात सांगतात. १८६५० मापाच्या सेलमध्ये जगातील नामांकित कारखाने ३५०० एमएएचच्या आसपास पोहोचले आहेत. सर्वसाधारण चांगला सेल २००० ते ३००० चा असतो. तेव्हा त्याच मापाच्या सेलवर ९९०० लिहिलेले दिसले की तो मुद्रणदोष समजू नये. शेरभर भांड्यात तीन शेर दूध मावते असे सांगण्यासारखे ते आहे.

२६०० एमएएचचा खरा सेल घेतला तर ३.७ ने गुणून सुमारे साडेनऊ वॅट-तास वीज होते. म्हणजे १००० ल्युमेनच्या आसपासचा उजेड फार तर तास-सव्वा तास. ५०० ल्युमेन ठेवला तर दोन-अडीच तास. हा झाला हलाल हिशोब. यापेक्षा जास्त कुणी सांगत असेल तर एकतर त्यात दोन-चार सेल आहेत किंवा बोलणारा खोटे बोलतो आहे.

झोताच्या अंतराचेही समजून घ्यावे. अमेरिकेत २००९ साली टॉर्चच्या मोजमापासाठी एएनएसआय एफएल-१ नावाचे प्रमाण ठरले. चांगल्या कंपन्या त्याप्रमाणे आकडे छापतात. त्यात उजेड मोजायचा तो बटण दाबल्या दाबल्या नव्हे, तर टॉर्च लावून ३० सेकंद झाल्यानंतर, दोन मिनिटांच्या आत, कारण पहिल्या क्षणी प्रत्येक टॉर्च शेखी मिरवतो. झोताचे अंतर म्हणजे जिथे प्रकाश पाव लक्स उरतो ती जागा. पाव लक्स म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड. म्हणून प्रामाणिक कंपनीनेही २०० मीटर लिहिले असेल तर २०० मीटरवरचा माणूस ओळखू येईल असे समजू नका. तिथे काहीतरी हलते आहे एवढे कळेल. आणि अंतर दुप्पट हवे तर झोताचा जोर चौपट लागतो, हा निसर्गाचा नियम आहे. त्याच प्रमाणात ‘किती तास चालतो’ हा आकडा उजेड सुरुवातीच्या एक दशांशावर येईपर्यंतचा असतो. हे माहीत नसले की प्रामाणिक आकड्यानेही फसगत होते.

आम्ही केलेली तपासणी

नुसते गणित सांगून कुणाचे समाधान होत नाही. म्हणून आम्ही मुद्दाम असा एक टॉर्च ४५० रुपयांना आणला. नाव-पत्ता काही नसलेला, अॅल्युमिनियमचा, पुढचा भाग पुढे-मागे सरकवून झोत बारीक-मोठा करण्याचा, बाजूला यूएसबीचे भोक असलेला. खोक्यावर ५०,००० ल्युमेन आणि सेलवर ९९०० एमएएच.

पहिले काम म्हणजे सेल बाहेर काढून तोलणे. सराफ्यातल्या ओळखीच्या दुकानात काट्यावर ठेवला तेव्हा तो २९ ग्राम भरला. चांगल्या १८६५० सेलचे वजन ४३ ते ४८ ग्रामांच्या दरम्यान असते. लिथियमचा सेल म्हणजे धातूच्या पातळ पट्ट्यांची घट्ट गुंडाळी. वीज साठवणारा माल कमी घातला की वजन कमी भरणारच. काही सेलमध्ये लहान गुंडाळी आणि उरलेली पोकळी असते, कधी भुकटीही भरलेली आढळते. वजनाची ही चाचणी फुकटची आहे, एका मिनिटाची आहे, आणि काउंटरवर उभ्या उभ्या करता येते. किराणा दुकानातला लहान इलेक्ट्रॉनिक काटाही यासाठी पुरतो.

नंतर उजेड. यासाठी यंत्र नको. पांढरा रंग दिलेली लहान खोली रात्री अंधारी करावी, टॉर्च जमिनीवर उभा ठेवून झोत छतावर टाकावा आणि दोन हातांवर मोबाइल ठेवून त्यातील लक्स मोजणाऱ्या ॲपवर आकडा पाहावा. मोबाइलचा आकडा शुद्ध असेलच असे नाही. पण एकाच खोलीत, एकाच जागी, एकाच मोबाइलवर दोन दिव्यांची तुलना करायला तो चालतो. आम्ही त्याच जागी ९ वॅटचा बल्ब लावून पाहिला तेव्हा आकडा १४८ आला. टॉर्चचा, लावून मिनिटभराने, ६२. बल्ब ९०० ल्युमेनचा धरला तर टॉर्च पावणेचारशे ल्युमेनच्या आसपास होतो. ५०,००० कुठे आणि पावणेचारशे कुठे!

टॉर्च तसाच चालू ठेवला. दहा मिनिटांनी आकडा ४४ वर आला, २५ मिनिटांनी २१, आणि ४१ मिनिटांनी ६ च्या खाली, म्हणजे एक दशांशाखाली. मग यूएसबी मीटर नावाची जी लहान डबी दोन-तीनशे रुपयांना मिळते, ती मध्ये लावून सेल पूर्ण चार्ज केला. आत गेलेली वीज भरली ७८० एमएएच. या स्वस्त टॉर्चमधील चार्जिंगची पट्टी बहुधा साधी असते. जितके मिलिअँपिअर बाहेरून घेते जवळजवळ तितकेच सेलला देते. त्यामुळे या मीटरचा आकडा बऱ्यापैकी खरा धरायला हरकत नाही. खोक्यावरचा आकडा बारा पटींहून अधिक फुगवलेला होता.

आता खरी गंमत पुढे आहे. त्याच टॉर्चमध्ये आम्ही नामांकित कंपनीचा २६०० एमएएचचा, ४६ ग्राम वजनाचा सेल घातला. त्याला साडेतीनशे रुपये पडले. तोच दिवा, तीच नळी. सुरुवातीचा आकडा ७४ आला आणि एक दशांशावर यायला दोन तास दहा मिनिटे लागली. म्हणजे ४५० रुपयांच्या टॉर्चमध्ये दिवा आणि नळी आपल्या किमतीला उतरत होत्या. दगा होता तो सेलमध्ये. साडेचारशे ल्युमेन हा काही थोडका उजेड नाही. आमच्या गोदामात शेवटच्या रांगेतल्या गाठीवरचा नंबर त्यात स्वच्छ वाचता आला. सेलसह ८०० रुपयांत राखणदाराच्या कामाचा टॉर्च तयार झाला. हाच ८०० रुपयांचा हिशोब घेण्यापूर्वी मांडावा. ४५० चा टॉर्च ४५० ला पडत नसतो.

वजन भरले म्हणजे सेल चांगलाच, असेही नाही. जुन्या लॅपटॉपमधून काढलेल्या सेलवर नवे रंगीत वेष्टन चढवून विकण्याचा धंदा आहे. असा सेल काट्यावर ४४-४५ ग्राम भरतो, पण आतून म्हातारा झालेला असतो. तो वजनात सापडत नाही, घड्याळात सापडतो. म्हणून नवा टॉर्च आणला की पहिल्याच दिवशी पूर्ण चार्ज करून मोठ्या उजेडावर लावावा, किती वेळ चालला ते खोक्यावर लिहून ठेवावे, आणि बदलून मिळण्याची मुदत संपण्याआधी दुकानदाराकडे जावे. घाऊक घेणाऱ्याने शंभर नगांतून पाच नग उचलून हेच करावे. आपण गाठीतून मधला तागा ओढून पाहतो तसे. वरचा तागा कुणीही चांगला ठेवतो.

नळीचे म्हणाल तर तीन-चार गोष्टी पाहाव्यात. मागची टोपी फिरवताना आटे खरखरत असतील तर ते लवकर झिजतात. हलवल्यावर दिवा लुकलुकत असेल तर स्प्रिंग किंवा बटण सैल आहे. मोठ्या उजेडावर पाच-सहा मिनिटे चालवल्यावर डोक्याकडचा धातू गरम झालाच पाहिजे. तो गार राहिला तर लोक खूश होतात, पण त्याचा अर्थ दिव्याची उष्णता बाहेर येतच नाही, आतल्या आत एलईडी भाजते आहे, असा होतो. अशा टॉर्चची एलईडी फार दिवस टिकत नाही.

कापड आणि सेल एका छताखाली

आता ज्या कारणासाठी हा लेख लिहिण्याचे मनात आले ते सांगतो. लिथियम सेलमध्ये थोड्या जागेत पुष्कळ शक्ती कोंडलेली असते आणि आतला द्रव जळणारा असतो. सेल ४.२ व्होल्टच्या पलीकडे भरत गेला, आतून शॉर्ट झाला किंवा चेपला, तर तो आपोआप तापत जातो आणि पेट घेतो. चांगल्या सेलमध्ये आणि चांगल्या चार्जरमध्ये हे थांबवण्याची सोय असते. २९ ग्रामच्या सेलमध्ये ती असेल असे धरून चालणे शहाणपणाचे नाही. ज्याने माल घालताना हात आखडला त्याने सुरक्षेवर खर्च केला असेल काय?

आपल्या शहरातील दुकानांची रचना सर्वांना ठाऊक आहे. खाली कापड किंवा शिलाईचे दुकान, वर घर, मधून एकच अरुंद जिना. ३ एप्रिल २०२४ च्या पहाटे छावणी भागात अशाच इमारतीत खालच्या कपड्यांच्या दुकानाला आग लागली आणि वर झोपलेल्या एकाच कुटुंबातील सात जण गेले. त्यांत लहान मुलेही होती. ती आग कशाने लागली याची चर्चा आम्हाला येथे करायची नाही. खाली कापड पेटले की वरच्या माणसाला किती वेळ मिळतो, एवढेच त्यातून पाहावे. आणि मग आपल्या दुकानात रात्री शटर ओढताना काय काय चार्जिंगला लावलेले असते ते आठवावे. टॉर्च, मोबाइल, शिलाई मशिनवरचा लहान दिवा, कधी गाडीची बॅटरी. बहुतेक वेळा काउंटरखाली, चिंध्यांच्या पिशवीशेजारी.

आमच्या दुकानात आम्ही नियमच केला आहे. टॉर्च चार्ज होईल तो दिवसा, माणूस समोर असताना, शहाबादी फरशीवर किंवा स्टीलच्या ताटात, कापडापासून दोन हात दूर. दुकान बंद करताना सगळे प्लग काढलेले. राखणदाराला दोन सेल दिले आहेत, एक वापरात आणि एक भरलेला, म्हणजे रात्री चार्जिंगची गरजच पडत नाही. सुटा सेल खिशात किल्ल्या-नाण्यांबरोबर ठेवायचा नाही, कारण दोन्ही टोके धातूने जोडली गेली की तो खिशातच तापतो. त्यासाठी प्लास्टिकची डबी दहा-वीस रुपयांना मिळते.

एक मल्टिमीटर मात्र ज्याच्याकडे चार टॉर्च आहेत त्याने घ्यावाच, आणि जो विकतो त्याच्याकडे तर तो असलाच पाहिजे. चार्जिंग संपल्याचा दिवा लागला की सेल काढून मोजावा. ४.१५ ते ४.२० व्होल्ट आले तर उत्तम. ४.२५ च्या वर जात असेल तर तो चार्जर वापरातून काढावा, सेल कितीही चांगला असो. उलट महिनोन् महिने पडून राहिलेला सेल अडीच व्होल्टच्या खाली गेला असेल तर तो पुन्हा चार्ज करू नये. सेलला ओल सुटली, गोडसर उग्र वास आला, वेष्टन फाटले, चार्ज होताना हाताला चटका बसू लागला, तर त्याचा मोह सोडावा. चार्जिंगवर असताना धूर निघालाच तर आधी मेन स्विच बंद, मग भरपूर पाणी. आणि वर माणसे झोपलेली असतील तर सर्वांत आधी त्यांना उठवणे.

बाजारात दुसरा एक चार्जिंगचा टॉर्च आहे, प्लास्टिकचा, मागून दोन पिना बाहेर येणारा, थेट भिंतीतल्या सॉकेटला लावायचा. त्यात बहुधा ४ व्होल्टची शिशाची बॅटरी असते. ती लिथियमसारखी पेट घेत नाही हा तिचा गुण. पण जड असते, उजेड कमी असतो, आणि रिकामी करून दोन-तीन महिने ठेवली की बाद होते. शेतकरी गिऱ्हाईक पावसाळ्यानंतर टॉर्च खुंटीला अडकवून ठेवतो आणि पुढच्या हंगामात तो लागत नाही म्हणून दुकानदाराशी भांडतो, त्याचे कारण हेच. विकताना ‘दर महिन्याला एकदा चार्ज करा’ एवढे सांगितले तर निम्मी भांडणे मिटतील. या टॉर्चमध्ये आतला भाग आणि २३० व्होल्टची वीज यांत पुरेशी आड नसते. म्हणून सॉकेटला लावलेला असताना त्याचे बटण दाबू नये, तुटलेल्या नळीचा तर लावूच नये. लहान मुलांच्या घरात हा प्रकार आम्हाला मुळीच पसंत नाही.

कोणत्या कामाला कोणता झोत

राखणदाराला आणि शेतात जाणाऱ्याला लांब जाणारा बारीक झोत हवा. गोदामात, गाडीखाली, जिन्यात पसरट उजेड हवा. ज्याने दौलताबादच्या किल्ल्यातील अंधारी पाहिली आहे त्याला हे लगेच पटेल. त्या वळणावळणाच्या भुयारात शंभर मीटर जाणारा झोत काय कामाचा, समोरच्या दगडावर आदळून तो आपलेच डोळे दिपवतो. तिथे पायाखालची पायरी दिसली पाहिजे. पुढचा भाग सरकवण्याचे टॉर्च दोन्ही कामे करतो म्हणतात, आणि काही अंशी करतातही. पण झोत अगदी बारीक केला की भिंगाबाहेरचा पुष्कळसा उजेड नळीतच अडकतो. ‘झूम’ केल्यावर भिंतीवर जो चौकोनी तेज ठिपका दिसतो तो एलईडीचेच चित्र असते. त्याला पाहून कुणी भुलू नये.

कापडवाल्यांसाठी दोन शब्द जास्त. स्वस्त एलईडीचा उजेड निळसर पांढरा असतो आणि लाल रंग त्यात मेलेला दिसतो. नेव्ही ब्लू आणि काळा यांतला फरक तर दिसतच नाही. वीज गेली म्हणून टॉर्चमध्ये अस्तराचा रंग जुळवून देऊ नये, सकाळी कापड परत येते. परंतु विणीतला दोष शोधायला हाच टॉर्च फार उपयोगी आहे. कापड टेबलावर पसरून टॉर्च जवळजवळ आडवा धरावा, उजेड कापडावरून घासत जाईल असा. सुटलेला आडवा धागा, गाठ, दाब असमान पडलेली पट्टी लगेच उठून दिसते. सावली पडते म्हणून. दिवसाच्या उजेडात जे दोष नजरेतून सुटतात ते यात सापडतात. हिमरू-मशरूसारखे दाट विणीचे कापड पाहणाऱ्याने हा प्रयोग जरूर करावा.

विकणाऱ्यांसाठी

जे बांधव हा माल विकतात त्यांनी रागावू नये. ‘खोक्यावर कंपनीने छापले, आमचा काय दोष’ असे आम्ही पुष्कळांकडून ऐकतो. बहुतेक खोक्यांवर कंपनीचे नावच नसते, हीच तर अडचण आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात असे आहे की, वस्तूमुळे गिऱ्हाइकाला इजा किंवा नुकसान झाले आणि बनवणारा कोण हे कळत नसेल, तर जबाबदारी विकणाऱ्यावर येते. निनावी सेल दुकानात ठेवणे म्हणजे कारखानदाराची जबाबदारी फुकट अंगावर घेणे आहे. पॅकबंद मालावर बनवणाऱ्याचे किंवा आयात करणाऱ्याचे नाव-पत्ता, किंमत, महिना-वर्ष, आणि परदेशी माल असेल तर देशाचे नाव हवे, असा वैधमापनशास्त्राच्या २०११ च्या नियमांचा दंडक आहे. शिवाय पोर्टेबल वापराच्या चार्जिंगच्या सेलला भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. त्याचे मानक आयएस १६०४६, आणि नोंदणीचा क्रमांक इंग्रजी ‘आर’ अक्षराने सुरू होतो. हा क्रमांक खरा की खोटा ते ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या ॲपवर पाहता येते. घाऊक व्यापाऱ्याकडे उभे राहूनच पाहावे, आणि बिल घ्यावे. बिलाशिवायचा माल परत करायला गेले की ओळखही राहत नाही. गिऱ्हाइकाची तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

नापतोलाविषयी आपल्याला काय शिकवले गेले आहे ते या पानाच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. एमएएच हेही एक मापच आहे. काउंटरवर एक लहान काटा ठेवावा आणि गिऱ्हाइकासमोर सेल तोलून द्यावा. आमच्या ओळखीच्या एका दुकानदाराने हे सुरू केले. सुरुवातीला लोक हसले. मग गावाकडून येणारे गिऱ्हाईक ‘तो काट्यावाला’ म्हणून दुकान शोधत येऊ लागले, आणि शंभर रुपये जास्त द्यायला कुणी कुरकुर करीत नाही.

निकामी सेल कचऱ्याच्या गाडीत टाकू नयेत. कचऱ्याच्या गाडीत तो दाबला जातो आणि तिथेच पेटतो. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. फुली मारलेल्या कचरापेटीचे जे चित्र सेलवर असते त्याचा अर्थ हाच. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावावी, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात थोडी वाळू घालून त्यात ठेवावेत, आणि डबा कापडापासून दूर, शक्यतो उघड्यावर असावा. आठ-दहा साठले की नोंदणी असलेल्या ई-कचरा गोळा करणाऱ्याकडे द्यावेत. भंगारवाल्याला देऊ नयेत. तो हातोड्याने फोडतो, आणि त्याची मुले बहुधा शेजारीच बसलेली असतात.